पहिली गाडी, दुसऱ्याची

राहायला धायरी आणि नोकरी हिंजवडीत, असा योग ज्याच्या पत्रिकेत आहे त्याने दुचाकी घ्यावी की नाही, हा प्रश्नच उरत नाही. कुणाची घ्यावी, एवढंच ठरवायचं असतं. नवी घ्यायला पहिला पगार आडवा येतो. अशा होतकरू नोकरदारांसाठी हे मार्गदर्शन.

सुरुवातीलाच गाडी शोधू नये. आधी जाणकार शोधावा. तो प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक ऑफिसात एक असतोच. १९९६ साली बंद झालेली आरएक्स १०० कुठल्या तरी वाड्यात ताडपत्रीखाली अजून शोरूम कंडिशनमध्ये उभी आहे, यावर त्याची अढळ श्रद्धा असते. तुम्ही त्याला जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, पेट्रोलचा भाव, पावसाळा, वडगावच्या पुलावरची गर्दी असं सगळं तपशीलवार सांगा. तो शांतपणे ऐकून घेईल आणि म्हणेल, "बुलेट बघ."

जाणकाराचा मान राखावा, त्याला चहा पाजावा आणि शंभर ते सव्वाशे सीसीची गाडी बघायला लागावं. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे. ती घेतली म्हणून गल्लीत कुणी वळून बघणार नाही हे खरं. पण रात्री साडेनऊला वारज्याजवळ क्लचची केबल तुटली, तर तिची केबल आणि ती बसवणारा माणूस दोन्ही हाकेच्या अंतरावर सापडतात. रुबाबदार गाडीची केबल नाना पेठेत मिळते, तीही सोमवारी. गाडी १ एप्रिल २०२० च्या आधीची की नंतरची, हेही बघून घ्यावं. नंतरच्या बहुतेक बीएस-सिक्स गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटर कोपऱ्यावरचा मिस्त्री पान चघळत साफ करून देतो. इंजेक्शनला स्कॅनर लागतो, आणि स्कॅनरवाला आधी अपॉइंटमेंट मागतो.

रंगाबद्दल घरच्यांचं ऐकावं. त्यांना तेवढाच आनंद.

आता जाहिराती. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर या शहरातले डॉक्टर पेशंट तपासतच नाहीत, दिवसभर मोटारसायकली विकत असतात. उरलेल्या गाड्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या असतात आणि त्या फक्त दूध आणायला वापरलेल्या असतात. इथे थोडं अंकगणित करावं. दहा वर्षांची गाडी आणि काटा अठरा हजारांवर, म्हणजे दिवसाला पाच किलोमीटर. दूध, भाजी आणि मारुतीचं दर्शन एवढ्यात खरंच बसतं. पण मग गिअरच्या लिव्हरचं रबर गुळगुळीत कसं झालं आणि ब्रेकच्या पॅडलवरच्या रेघा कुठे गेल्या, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारावं. काटा मागे नेता येतो. रबराची झीज मागे नेण्याची कला अजून कुणाला साधलेली नाही.

गाडी पाहायला संध्याकाळी, चार मित्र घेऊन, फोन करून जाण्याची पद्धत आहे. विकणाऱ्याला ती फार आवडते. अंधारात रंग उडालेला दिसत नाही, फोन आला की इंजिन आधीच तापवून ठेवता येतं, आणि चार मित्रांपैकी दोघांना गाडी आवडतेच. ज्याला या सुखावर पाणी सोडायचं असेल त्याने सकाळी सात वाजता, शक्यतो मेकॅनिकला मागे बसवून जावं आणि नमस्काराच्या आधी इंजिनला हात लावावा. रविवारी सकाळी सातला इंजिन गरम लागलं, तर मालक पहाटेच गाडी फिरवून आला आहे, तेही तुमच्या प्रेमापोटी. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू व्हायला हवं. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून क्षणभर पांढरी वाफ आली तर घाबरू नये. निळसर धूर येतच राहिला तर आत ऑइल जळतंय. "थंडीमुळे होतं तसं दादा," असं मालक मे महिन्यातही म्हणेल.

याच वेळी जाणकार टायरला लाथ मारील. या लाथेतून नेमकं काय कळतं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र खाली वाकून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मग गाडी मेन स्टँडला लावून पुढचं चाक उचलायचं आणि हँडल सावकाश फिरवायचं. मधोमध ते अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपवर तेल ओघळलेलं असेल तर सील गेलं. मागे उभं राहून एक डोळा मिटावा. दोन्ही चाकं एका रेषेत दिसत नसतील तर गाडीने कधीतरी काहीतरी जोरात धडकून बघितलेलं आहे.

एमएच १२ किंवा १४ पासिंगचा अभिमान पुणेकराला असतो, आणि एमएच ०९, १० म्हटलं की त्याला लगेच कोल्हापूर-सांगलीचा २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवतो. हा अन्याय आहे. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं ते काही पासिंग विचारून शिरलं नव्हतं. तेव्हा कुठल्याही नंबरची गाडी असो, सीट काढायला लावा. एअर फिल्टरच्या डब्यात वाळलेला गाळ, हेडलाइटच्या काचेला आतून मातीची रेघ, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर, यांतलं काही दिसलं तर ती गाडी पोहून आलेली आहे.

आता कागद. इथे बहुतेकांचा उत्साह संपतो आणि विकणाऱ्याचा वाढतो. आरसी मालकाच्याच नावावर आहे का, तिच्यावरचा चेसी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळतो का, बँकेचा बोजा उतरला का, नोंदणीची पंधरा वर्षं कधी संपतात, विमा आणि पीयूसी चालू आहे का, चलन किती थकलंय, हे सगळं बघायचं असतं. हेल्मेटविषयी या शहराची मतं लक्षात घेता चलनाचा आकडा बसून बघावा.

यानंतर ते प्रसिद्ध वाक्य येतं: "फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतो, नावावर नंतर सावकाश करा." या सावकाशीला कायद्याने मर्यादा घातली आहे. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. यावर वाद घालू नये. मालकाला फक्त एवढं सांगावं, की गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे तोच कायद्याच्या लेखी मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलेलं आहे. दुसऱ्या दिवशी तोच तुमच्या आधी आरटीओच्या दारात उभा असेल.

भाव करताना कमी बोलावं. पाच हजार कमी करून मागावेत आणि गप्प राहून चेनकडे बघावं. चेनमध्ये खोट दिसायलाच हवी असं नाही, नुसतं बघितलं तरी मालक अस्वस्थ होतो. जाणकाराला यावेळी चहा आणायला पाठवलेलं बरं. नाहीतर तो "गाडी मस्त आहे रे" असं मोठ्याने म्हणतो आणि पाच हजार जातात.

ठरलेल्या किमतीशिवाय तीन-चार हजार हाताशी ठेवावेत. ऑइल, ब्रेकशू, चेन-स्पॉकेट, बॅटरी यांतलं काही ना काही पहिल्या महिन्यात निघतंच. आणि टाकीत पंपापर्यंत पोचण्याइतकंच पेट्रोल असेल, तेही उतार असेल तर.

हेल्मेट मात्र कुणाचं जुनं घेऊ नका. आयएसआय शिक्क्याचं, डोक्याला घट्ट बसणारं, नवं घ्या, आणि त्याचे पैसे गाडीच्या बजेटमधून आधीच बाजूला काढून ठेवा.