कन्नमवार नगरचे गंधशास्त्री

ज्या विक्रोळीची ख्याती गोदरेजच्या कपाटांवर आणि साबणांवर उभी आहे, तेथील कन्नमवार नगरात, सेवानिवृत्तीचा हुकूम हाती पडताच आपण मूळचे गंधशास्त्री असल्याचा साक्षात्कार झालेले एक गृहस्थ हमखास वास्तव्य करून असतात. त्यांच्या घरी जाणाऱ्याने दारावरची पाटी शोधू नये. नाकाच्या भरवशावर जिना चढावा.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघरालगतची गॅलरी, आणि मुख्य यंत्र म्हणजे पत्नीच्या ताब्यातून विनापंचनामा जप्त झालेला कुकर. शिटीच्या जागी फ्रीजदुरुस्तीवाल्याकडची तांब्याची नळी बसवलेली असते, ती बादलीतल्या गार पाण्यातून वेटोळी घेत बाटलीत उतरते. कनौजचे अत्तरवाले देग आणि भपका वापरून हेच करतात, असे ते अभिमानाने सांगतात; मात्र तेथे भपका बुडवायला हौद असतो आणि येथे नळाला पाणी पहाटेच येते, हा भेद गाळतात. वाफ निववण्यास पाणी सतत बदलावे लागते. तस्मात समस्त इमारतीला ब्राह्ममुहूर्तावर वाळ्याच्या, नाहीतर करपलेल्या गुलाबाच्या वासाने जाग येते.

विद्वत्तेत ते कोणास हार जात नाहीत. वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा द्रव्यांपासून 1,74,720 गंध सिद्ध होतात असे गणित मांडले आहे, आणि भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी उजेडात आणलेल्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर तर जुनी मराठी टीकाच आहे. सबब ही विद्या मराठी रक्तातच आहे, असा त्यांचा सिद्धान्त. (त्या 1,74,720 पैकी बहुतेक गंध आपल्या वाट्याला येऊन गेले, असा शेजाऱ्यांचा.)

दादरच्या फूलबाजारातून आणलेला मोगरा त्यांनी उकळला, तेव्हा बाटलीत शिजलेल्या पालकाचा वास उतरला. मोगऱ्याचा गंध आच सोसत नाही. तिळांच्या थरांत फुले पसरून, ती पुनःपुन्हा बदलून तो मुरवावा लागतो. हे त्यांना ठाऊक आहे, परंतु ज्ञान आणि धीर ही दोन स्वतंत्र खाती असून दुसऱ्याचा कारभार त्यांच्याकडे कधीच नव्हता. गुलाबाचा हिशेब तर निर्दय: किलोभर तेलास तीन-चार हजार किलो पाकळ्या! निवृत्तिवेतनात बसणाऱ्या पाकळ्यांतून निघते ते गुलाबपाणी, आणि त्यावरचा तेलाचा थेंब पाहुण्याने भिडेखातर पाहावा लागतो.

सोसायटीच्या चिटणीसांनी स्पिरिटच्या डब्याविषयी तक्रारअर्ज दिला, तेव्हा 1949 च्या दारूबंदी कायद्यातील मद्यार्कयुक्त प्रसाधनांवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली अवैध ठरवल्याचा लेखी खुलासा त्यांनी तत्परतेने सादर केला. अर्ज आगीच्या भयाचा होता, ही बाब त्या खुलाशात आढळली नाही.

यश आले ते गवती चहाला. गॅलरीतल्याच डब्यात माजलेली ती पात वाफेला चटकन वश झाली आणि पिवळसर तेल पाण्यावर तरंगले. त्यांनी त्याचे ‘विक्रोळीविलास’ असे नामकरण केले. वार्षिक सर्वसाधारण सभेने त्याची दखल घेऊन एकमताने ठराव संमत केला, की जिना धुण्याच्या बादलीत दर शनिवारी त्याचे चार थेंब घालावेत. खर्च अर्थातच उत्पादकाने सोसावा.