बर्फाखालची पंगत

ती. माई आणि अण्णा, अकोटा, बडोदे, यांस

वॉलाय हा १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा. तळे गोठले म्हणून तो उपाशी राहत नाही. ‘बर्फाखाली बिचारा खातो काय?’ ही माईंची फोनवरची काळजी त्यामुळे निराधार ठरते. पाणी ४ अंशांच्या सुमारास सर्वांत जड असते. ते तळाशी बसते आणि बर्फाची गोधडी वर तरंगते. पंगत तिच्याखाली चालू असते.

पानातला मुख्य पदार्थ यलो पर्च या माशाची लहान पिल्ले. जोडीला शायनर मासे, खोल तळ्यात सिस्को आणि अडीनडीला चिखलातल्या अळ्या. थंडीत पचन मंदावते, म्हणून जेवणे कमी. डोळ्याच्या आत मागे मांजरासारखा चकाकता पडदा असल्याने अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. वेळ म्हणून पहाटेची आणि तिन्हीसांजेची. मादीच्या पोटात हिवाळाभर अंडी पिकतात आणि बर्फ वितळल्यावर ती घालते. तोवर खाणे तिला भागच. अकोट्यातल्या धाकट्या सूनबाईंनी रोज कैरी मागितली, तर माईंनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मासा धरणाऱ्याचे नियम मात्र माशाच्या आहाराहून गुंतागुंतीचे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला परवाना लागतो. उन्हाळ्यात माणशी एकच गळ, बर्फावर मात्र दोन. थंडीत माणूस जास्त हावरा होतो, असे सरकारचे मत असावे. रात्रभर बर्फावर ठेवायच्या मासेमारीच्या खोपटावर मालकाची ओळख लिहावी लागते. दारावर पाटी लावायची अण्णांची हौस इथे कायद्यानेच भागली असती. ‘दुपारी १ ते ४ मासे बोलवू नयेत’ ही ओळ तेवढी त्यांनी पदरची घातली असती.

विश्वामित्रीतल्या मगरीशी अण्णा करतात ती तुलना इथे लागू पडत नाही. मगर थंडीत काठावर ऊन खात पडते, कारण ऊब नसेल तर तिला अन्न पचत नाही. वॉलायचा जन्मच गार पाण्यातला.

तिसरा प्राणी म्हणजे मिनेसोटातला बडोदेकर. त्याचा हिवाळी आहार परवाच्या पार्सलमध्ये सापडला: चिवडा आणि तिळगूळ. तिळगूळ संक्रांतीपर्यंत टिकला नाही. उंधियू पार्सलने येत नाही. उत्तरायणाच्या दिवशी हा प्राणी खिडकीशी उभा राहून आभाळ पाहतो. त्यात एकही पतंग नसतो.