गाडी घेणारे अण्णा

पिरनवाडीत खानापूर रस्त्याला जांबोटीचा फाटा फुटतो. चोर्ला घाटातून गोव्याला निघालेल्या गाड्या शनिवारी सकाळी इथंच वळतात. तिथं चहा पीत प्रत्येक गाडीचं वय, ॲव्हरेज आणि मालकाची अक्कल सांगणारे गृहस्थ म्हणजे अण्णा. उद्यमबागेत लेथवर उभं राहून निवृत्त झाले, तेव्हापासून ते गाडी घ्यायलेत. मागं झोपता येईल, शेगडी ठेवता येईल, कणकुंबीच्या पावसात उभी करून चहा उकळता येईल, अशी गाडी. प्रश्न एवढाच, नवी की जुनी? सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. अण्णांचा त्याहून थोडा धाकटा, पण तारखा तशाच पडतात.

नवीचं नाव काढलं की अण्णा खिशातून कागद काढतात. ‘‘पंधरा लाखांची गाडी. कर्नाटकात 17 टक्के टॅक्स. म्हणजे अडीच लाख सरकारला, चाक फिरायच्या आधी! आणि शोरूमच्या दारातनं भायेर काढली की किंमत उतरली. कशाला बा?’’

मग जुनी. सीमाभागातल्या माणसाची एक मोठी सोय म्हणजे त्याला तीन राज्यांतल्या जुन्या गाड्या नाकारता येतात. गोवा पासिंगची गाडी आली की अण्णा थेट तिच्याखाली आडवे होतात. ‘‘खारी हवा. वरनं नवरी, खालनं गंज!’’ कोल्हापूरची आली की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतात. 2019 च्या महापुराच्या गाळाची रेघ तिथं सापडते, असा त्यांचा सिद्धांत. शिवाय परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एनओसी, नवा नंबर, इथला टॅक्स. राहिली केए बावीस, म्हणजे आपल्या बेळगावची. तिचा दोष गाडीत नसतो. ‘‘ह्या मालकाला मी वळखतो. क्लचवर पाय ठेवून झोपतंय ते!’’

अण्णांच्या खिशात कायम लोहचुंबक असतं. पत्र्यावर ते चिकटलं नाही, की आत पुट्टी भरलीय. मीटर कमी किलोमीटर दाखवत असेल तर ते आधी ब्रेकच्या पेडलचं रबर बघतात. मीटर मागं फिरवता येतं, झिजलेलं रबर नाही. धूर निळा आला तर ऑइल जळतंय. यातलं अक्षरही खोटं नाही, म्हणून तर निम्मी पिरनवाडी गाडी घेताना अण्णांना सोबत नेते, आणि गाडी घेऊन परतते. अण्णा मात्र मागच्या सीटवर बसून परततात.

एकदा अशी गाडी आली, की चुंबक चिकटलं, धूर दिसेना, रबर शाबूत, कागद चोख. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग मालकाला म्हणाले, ‘‘एवढी चांगली हाय, तर विकायलाय कशाला?’’ सौदा मोडला.

काकूंनी गाडीच्या खिडक्यांना पडदे केव्हाच शिवून ठेवलेत. खिडक्यांचं माप तेवढं कळायचंय. कुणी फारच छेडलं तर अण्णा सांगतात, ‘‘नवी घेतली तर जुनी होतीय. जुनी घेतली तर जुनीच राहतीय. मग गडबड कसली?’’

शेवटी काकू बचत गटाच्या बायकांबरोबर भाड्याच्या मिनीबसनं गोवा बघून आल्या. त्या दारात पाऊल टाकतायत तोवर अण्णांनी विचारलं, ‘‘बस कुठल्या पासिंगची होती?’’