अमेरिकेला गेलेले काका

आमचे पॉडकास्टकर एका मराठी मालिकेत नायिकेचे चुलत सासरे होते. म्हणजे दिवाणखान्यात भांडण पेटलं की हे जिन्याजवळ उभे. कुणाच्या तरी थोबाडीत बसली की कॅमेरा घरातल्या एकेका चेहऱ्यावर जातो, त्यात यांचा नंबर चौथा. डावीकडून, समोरून, उजवीकडून असं तीनदा थक्क व्हायचं, एवढंच काम. त्या थक्क होण्यावर त्यांनी घोडबंदर रोडला वन बीएचके घेतला, हे कमी नाही.

मग एका गुरुवारी टीआरपी आला, चॅनलने खर्चाला कात्री लावली आणि काकांना अमेरिकेला पाठवलं. भिंतीवर हार घातलेला फोटो लागला तर नटाचं खातं बंद होतं. अमेरिकेला गेलेला माणूस मात्र कधीही परत येऊ शकतो. म्हणून ते वाट बघतात. वाट बघता बघता पॉडकास्ट काढला. ब्रीदवाक्य: ‘आम्ही कुणाला घाबरत नाही.’

रेकॉर्डिंग बेडरूममध्ये, कपाटाची दारं उघडी टाकून. वहिनींच्या साड्यांमुळे आवाज घुमत नाही. कुकर लावायला बंदी, त्यामुळे पाहुण्याला कायम पोहेच.

सुरुवात इतिहासाने होते. २ ऑक्टोबर १९७२, मुंबई दूरदर्शन. मग ‘दामिनी’, मग १९९९, अल्फा मराठी आणि ‘आभाळमाया’. “‘दामिनी’च्या आधी तेरा भागांत गोष्ट संपायची हो!” असा उसासा. तेरा भागांवर घोडबंदरचा हप्ता फिटला नसता, हे पाहुणाही बोलत नाही. हप्ता त्यालाही आहे.

माहिती मात्र अस्सल. सकाळी सातचा कॉल, पॅकअपचा पत्ता नाही. आधी शूट केलेला एपिसोड शिल्लक नसला की आज शूट केलेलं उद्या रात्री टेलिकास्ट, आणि सीनचा कागद मेकअप चालू असताना हातात. पैसे नव्वद दिवसांनी, म्हणजे दिवाळीच्या भागात लाडू वळलेत त्याचे पैसे संक्रांत उलटल्यावर. हे सगळं ते असं सांगतात की ऐकणाऱ्याने पोराला बँकेच्या परीक्षेला बसवावं.

घोडं अडतं ते नावांपाशी. “एक फार मोठी अभिनेत्री, नाव घेत नाही.” “एक चॅनल, समजलंच असेल.” काही समजत नाही. एकदा एका निर्मात्याचं आडनाव तोंडातून निसटलं. त्यावर बीप टाकला. बीपच्या लांबीवरून ओळखतील म्हणून वाक्य कापलं, मग त्याआधीचा प्रश्न, मग किस्साच. उरलं काय, तर पाहुण्याचं खोकणं आणि काकांचं “अगदी बरोबर!” उगाच कशाला, उद्या अमेरिकेहून परत बोलावलं तर?

पाहुणा काही स्फोटक बोलला की त्यांची जुनी सवय जागी होते. ते तीनदा थक्क होतात. कॅमेरा नाहीच, त्यामुळे ऐकणाऱ्याला तेवढा वेळ नुसती शांतता. लोक मोबाइलचं नेटवर्क तपासतात.

पाहुण्यांची टंचाई नसते. मालिकेतल्या आत्याबाईंचाही पॉडकास्ट आहे. या महिन्यात त्या यांच्याकडे, पुढच्या महिन्यात हे त्यांच्याकडे. पोहे तिथेही असतात.

परवा नव्वद दिवसांच्या छळावर तासभर रेकॉर्डिंग झालं. काकांचा आवाज दोनदा भरून आला, आणि मला तो खरा वाटला. संपल्यावर एडिटिंग करणाऱ्या कॉलेजच्या पोराने हेडफोन काढला.

“काका, माझे गणपतीच्या वेळचे पैसे राहिलेत.”

“बिल टाकलंस का?”

“नाही. टाकायचं असतं?”

“मग! आज टाक. आजपासून नव्वद दिवस धर.”

पोराने तिथेच बसून बिल टाकलं. आता तोही स्वतःचा पॉडकास्ट काढतोय, पॉडकास्टच्या धंद्यातल्या पिळवणुकीवर. नावं घेणार नाही म्हणतो.