परकोट्याच्या आत की बाहेर?

जयपूरला राहायचं कुठं, या प्रश्नावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. सासूबाईंना गोविंददेवजींच्या देवळात चालत जाता येईल अशी जागा हवी होती. मोठ्या जाऊबाईंना जौहरी बाजार हाकेच्या अंतरावर हवा होता. भाऊजींना स्टेशन जवळ हवं होतं, कारण माणसानं कुठंही उतरावं ते परत निघायच्या तयारीनं, असं त्यांचं ठाम मत आहे. चिरंजीवांना वायफाय हवं होतं, मग ते वाळवंटात मिळालं तरी चालणार होतं. आणि नवरा म्हणाला, “मला काहीही चालेल.” असं म्हणणारा एक माणूस घरात असला की निर्णय हमखास रखडतो, कारण प्रत्येक जागा दाखवली की ती नेमकी त्यालाच चालत नाही.

बाकीच्या गावांत हे इतकं अवघड नसतं. व्हेनिसला जाणारा कालव्यावरची खोली परवडते का ते बघतो, आणि नाही परवडली की पुलापलीकडं मेस्त्रेला राहतो. उदयपूरला तळ्याच्या या काठावर की त्या काठावर, एवढंच ठरवायचं. जयपूरलाही एके काळी पाणी होतं. सवाई जयसिंहानं १७२७ साली हे शहर वसवलं, बंगालच्या विद्याधर भट्टाचार्यांनी त्याची आखणी केली, आणि कालव्यानं आणलेलं पाणी भर बाजारात, चौपडींवरच्या, म्हणजे मोठ्या चौकांतल्या, कुंडांत खेळवलं. मुख्य रस्ते १११ फूट रुंद ठेवले. ज्या काळात दोन हत्ती समोरासमोर आले की एकानं मागं जायचं असा शिरस्ता होता, त्या काळात हे! पुढं कुंड बुजले, वर कारंजी आली, वाहनं आली. मेट्रोचं खोदकाम सुरू झालं तेव्हा ते जुने कुंड पुन्हा उजेडात आले. आज त्याच चौपडींखालून मेट्रो धावते. चांदपोलपासून बडी चौपडपर्यंतचा तिचा टप्पा २०२० साली सुरू झाला. म्हणजे पाण्याकाठी खोली घ्यायची सोय गेली, मेट्रोच्या डोक्यावर घ्यायची सोय झाली.

तर जयपूरकर शहराचे दोनच भाग मानतात. परकोट्याच्या आत आणि परकोट्याच्या बाहेर. परकोटा म्हणजे जुन्या शहराचा तट. बाहेर कितीही मोठं शहर पसरलेलं असो, आतला माणूस बाहेरच्याकडं ‘राहतो बिचारा तिकडं’ अशाच नजरेनं बघतो. आपल्या सदाशिव पेठेनं कोथरूडकडं कसं बघितलं ते ज्यांनी अनुभवलंय, त्यांना हे समजावून सांगायला नको.

बाहेरचं थोडक्यात आटोपते. सिंधी कॅम्प हा एसटी स्टँडचा भाग. तिथं हॉटेलं स्वस्त, आणि खालीच रावत मिष्टान्न भांडारची प्याज कचोरी, जी खाल्ल्यावर दुपारचं जेवण आपोआप रद्द होतं. पण रात्रभर “दिल्ली, दिल्ली, दिल्ली” असा पुकारा ऐकून पहाटेपर्यंत आपल्यालाही दिल्लीला जावंसं वाटायला लागतं. सी-स्कीम हा आखीव, श्रीमंत भाग. स्टॅच्यू सर्कलला खुद्द जयसिंहांचा पुतळा आहे, भोवती कॅफे आहेत आणि एका कॉफीच्या किमतीत आत चौघांचं जेवण होतं. राजापार्क खवय्यांसाठी बरं. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी मंडळींनी तो भाग नावारूपाला आणला. मालवीय नगरात मॉल आहेत, विमानतळ जवळ आहे, आणि आपण जयपुरात आहोत हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. आमेरला राहावं असं पुष्कळांना वाटतं. किल्ला सुंदर आहे, पण संध्याकाळी पर्यटक परतले की करायचं काय?

राहता राहिलं बनी पार्क. शांत रस्ते, झाडं, ठाकूर लोकांचे जुने बंगले, आणि त्यांची झालेली हॉटेलं. भाऊजींना ते स्टेशनपासून जवळ वाटलं, नवऱ्याला चाललं, म्हणून पहिला मुक्काम तिथं पडला. दिवाणखान्यात मालकांच्या पणजोबांचं तैलचित्र होतं. त्यांच्या मिशा चित्राच्या चौकटीपर्यंत पोचल्या होत्या. साफा बांधलेला एक वयस्क माणूस चहा घेऊन आला आणि सासूबाईंसमोर वाकून म्हणाला, “हुकुम, चाय.” सासूबाईंना आजवर घरात कुणी हुकुम म्हटलेलं नव्हतं, निदान तोंडावर तरी नाही. त्यांनीही उठून वाकून नमस्कार केला. यजमानापेक्षा कमी वाकणं पाहुण्याला शोभत नाही म्हणून तो आणखी वाकला. वय मोठं कुणाचं हे ठरेपर्यंत चहा गार झाला.

बनी पार्कात खोट काढण्यासारखं काही नव्हतं आणि तीच खरी खोट होती. सकाळी खिडकी उघडली की एक माळी, एक मोर आणि पाणी मारलेलं लॉन. हे बघायला रात्रभर रेल्वेत कशाला बसायचं? शहर बघायला रोज रिक्षा करून आत जायचं आणि संध्याकाळी दमून बाहेर यायचं, म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेर बसल्यासारखं. मी आत राहायचा ठराव मांडला.

भाऊजींनी विरोध केला, आणि तोही इतिहासाचा आधार घेऊन. ते पेन्शनीत निघाल्यापासून बखरी वाचतात, त्यामुळं घरातला कुठलाही वाद सतराव्या शतकाच्या अलीकडं येत नाही. या वेळी अठराव्यावर निभावलं. १० जानेवारी १७५१. जयपूरच्या राजानं, सवाई ईश्वरीसिंहानं, काही आठवड्यांपूर्वीच विष घेऊन जीव दिला होता. माधोसिंह नुकताच गादीवर आला होता, आणि शिंदे-होळकरांच्या फौजा खंडणीसाठी शहराबाहेर तळ देऊन होत्या. त्या दिवशी हजारो मराठे हे नवं कोरं शहर बघायला, देवळं बघायला, खरेदी करायला आत शिरले. दुपारी वेशीचे दरवाजे बंद झाले आणि मध्यरात्रीपर्यंत कापाकापी चालली. इतिहासकार मारल्या गेलेल्यांचा आकडा सुमारे तीन हजार देतात. तटावरून उड्या टाकून जे वाचले, त्यांतल्या कितीकांचे पाय मोडले.

“महिनाही जानेवारीचाच आहे,” भाऊजी म्हणाले. “दरवाज्याच्या बाहेर राहावं. शक्यतो स्टेशनजवळ.”

आम्ही सगळे गप्प झालो. गोष्टच तशी आहे. मग सासूबाईंनी विचारलं, “आणि बाजीरावांच्या आई आल्या होत्या ना इथं?” आल्या होत्या. राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, तेव्हा जयसिंहानं त्यांचा मोठा मानमरातब ठेवला होता. “मग आपण राधाबाईंसारखं जाऊ,” सासूबाई म्हणाल्या. “खंडणी मागायला कोण चाललंय इथं?”

“खंडणी आपणच देणार आहोत,” नवरा म्हणाला. त्याची नजर जाऊबाईंच्या पर्सकडं होती.

आत जाताना पहिली गाठ पडते ती रिक्षावाल्याशी. आपण हॉटेलचं नाव सांगितलं की तो दुःखानं मान हलवतो. ते हॉटेल बंद झालं. बंद नसेल तर तिथं काम चालू आहे. काम नसेल तर तिथं रस्ता खोदलाय. आणि योगायोगानं त्याच्या ओळखीचं एक याहून चांगलं हॉटेल आहे. अशा वेळी भावनाविवश न होता हॉटेलला फोन लावावा आणि तो रिक्षावाल्याच्या हातात द्यावा. बंद झालेलं हॉटेल तत्क्षणी उघडतं.

पत्ता सापडणं ही पुढची पायरी. जयसिंहानं शहर चौकड्यांत विभागलं आणि धंद्याधंद्यांना रास्ते नेमून दिले. मणिहारांचा रास्ता, ठठेऱ्यांचा रास्ता, घीवाल्यांचा रास्ता. नाव रास्ता, पण रुंदी एवढी की समोरून ई-रिक्षा आली तर आपण भिंतीवरच्या जाहिरातीत जमा. आमचा पत्ता होता अमुक रास्ता, तिसरा चौराहा, हनुमानजींच्या मंदिरासमोर. हनुमानजींचं मंदिर पहिल्या चौराह्यावर होतं, दुसऱ्यावर होतं, तिसऱ्यावर दोन होती.

हवेली मात्र खरोखर हवेली होती. मध्ये चौक, भोवती कमानी, वर झरोके. संकेतस्थळावर ‘हवामहल दिसेल’ असं लिहिलेलं होतं. हवामहल दिसत होता. गच्चीवर जाऊन, दोन काळ्या टाक्यांच्या मधोमध मान घालून, डावा डोळा मिटला की त्याची वरची टोकं दिसत. १७९९ साली प्रतापसिंहानं बांधलेल्या त्या हवामहलाला ९५३ खिडक्या आहेत. आमच्या खोलीला एकही नव्हती. होतं ते एक दार, चौकात उघडणारं, आणि जिना असा उभा की सासूबाईंच्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी गोविंददेवजींचं नाव घेतलं.

तरीही ज्या जागेसाठी मी भांडले ती जागा हीच. का, ते पहाटे कळतं. जानेवारीत जयपूरला बोचरी थंडी असते, पण पाचच्या सुमारास गल्लीत पावलं वाजायला लागतात. शाली गुंडाळलेल्या बायका, कानटोप्या घातलेले म्हातारे, सगळे मंगला आरतीला निघालेले. सासूबाई त्यांच्यात मिसळल्या की वेगळ्या काढता येत नव्हत्या. गोविंददेवजींच्या देवळाला शिखर नाही. राजवाड्याच्या बागेतल्या महालातच देव बसवलेला आहे, म्हणून नवखा माणूस कळस शोधत भलतीकडं जातो. सासूबाईंना शोधावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या वाटेवर भेटलेल्या एका आजींना सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या. भाषा कुठली वापरली देव जाणे. आजींना सगळं समजत होतं.

बाजार उघडायच्या आधी रस्ते रिकामे असतात, आणि तेव्हाच त्यांचा सरळपणा दिसतो. रंगही तेव्हाच नीट दिसतो. १८७६ साली इंग्लंडचे युवराज येणार म्हणून सवाई रामसिंहानं शहर रंगवून घेतलं, तेव्हापासून गुलाबी नगरी. प्रत्यक्षात तो गुलाबी नाहीच, सरळ सरळ गेरू आहे. युनेस्कोनं २०१९ साली जागतिक वारशाच्या यादीत घातलेलं आख्खं शहर गेरूनं रंगवलेलं बघून जाऊबाई म्हणाल्या, “एवढं आमच्या अंगणातही होतं.”

त्यांची स्वारी मग मणिहारांच्या रास्त्यावर. एका दुकानाच्या पायरीवर शेगडी पेटवून बाई बसली होती. काठीला लावलेला लाखेचा गोळा ती निखाऱ्यावर फिरवत होती. तो मऊ पडला की रंगीत लाखेची कांडी त्याच्यावर घासायची, लाकडी फळीनं लांब वळी वळायची, टचकन कापायची आणि दोन्ही टोकं जुळवून गोल. गरम असतानाच लाकडी साच्यावर चढवून मापात आणायची, मग चिमट्यानं एकेक खडा दाबून बसवायचा. बोलता बोलता बांगडी तयार. तिनं जाऊबाईंचा हात हातात घेऊन एकदाच दाबला आणि माप सांगितलं. मुंबईत ज्या हातावर चार बांगडीवाले हरले, त्या हातात ती बांगडी अशी सरकली की भाऊजींच्या चेहऱ्यावर १७५१ सालची तारीख उमटली. त्या दिवशी दरवाजे बंद झाले नाहीत, दुकानंही झाली नाहीत.

आणि संक्रांत! आपण तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतो, हे लोक फिणी आणि तिळपापडी खाऊन आकाशात एकमेकांचे गळे कापतात. १४ जानेवारीला परकोट्यात जमिनीवर कुणी राहत नाही. सगळी माणसं गच्च्यांवर, लाउडस्पीकर, आणि दर मिनिटाला “वो काटा!” बनी पार्कात असतो तर हे सगळं लांबून ऐकलं असतं. इथं शेजारच्या गच्चीवरच्या मुलांनी चिरंजीवांच्या हातात चरखी दिली आणि दिवसभर त्यांना वायफायची आठवण झाली नाही. नवऱ्याला मात्र तिथलं काहीच चालेना. एका माकडानं त्याची कचोरी नेली होती.

तेव्हा जयपूरला जाणार असाल तर मुक्काम आतच करा. गुडघे कुरकुरत असतील तर तळमजला मागा, खोलीला खिडकी आहे का ते फोनवर नीट विचारा, आणि ‘हवामहल दिसेल’ म्हणाले तर किती दिसेल तेही विचारा. सामान कमी न्या. येताना ते वाढणारच आहे. आणि संक्रांतीला गच्चीवर कपडे वाळत घालू नका. मांजा दोरी बघत नाही.