शेवटचे काही प्रयोग

‘शेवटचे काही प्रयोग’ ही जाहिरात वाचून घाबरणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. आपल्याकडे नाटक बंद होतं ते पुन्हा सुरू होण्यासाठी. आधी ‘शेवटचे पंचवीस’, मग ‘निरोपाचे अकरा’, मग ‘लोकाग्रहास्तव फक्त तीन’, आणि पुढच्या दिवाळीत नव्या संचात तेच नाटक, तोच सोफा. त्यामुळे लास व्हेगासच्या मिराज हॉटेलातला ‘द बीटल्स लव्ह’ हा सर्क द्यू सोले या सर्कस कंपनीचा खेळ ७ जुलैला कायमचा बंद होणार, अशी बातमी एप्रिल २०२४मध्ये आली तेव्हा लॉस एंजलिसच्या आमच्या मराठी कंपूत कुणी ती फारशी मनावर घेतली नाही. ‘‘गणपतीपर्यंत परत लावतील बघ,’’ असं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले.

मग कळलं की नुसता खेळ नाही, अख्खं हॉटेलच १७ जुलैला बंद होतंय. १९८९पासून दारात रोज रात्री आग ओकणारा तो नकली ज्वालामुखीसुद्धा जाणार आणि त्याच्या जागी गिटारच्या आकाराचा टॉवर उभा राहणार. हे मात्र आमच्या अनुभवाबाहेरचं होतं. नाटक बंद पडलं तर परत लावता येतं, पण नाट्यगृहच काढून टाकल्यावर लोकांनी आग्रह तरी कुठे उभं राहून करायचा?

या खेळाशी आमचं नातं जुळलं ते आईवडिलांमुळे. भारतातून आईवडील आले की ग्रँड कॅनियन दाखवावंच लागतं आणि वाटेत व्हेगास लागतंच. तिथे त्यांना दाखवायचं काय, हा प्रश्न भल्याभल्यांनी सोडवलेला नाही. जुगार नको, आणि बऱ्याच कार्यक्रमांत कपड्यांची टंचाई. सर्कस त्यातल्या त्यात सुरक्षित. पण तिथेही नीट चौकशी करावी लागते. आमच्यातल्या एकाने ‘सर्कसच आहे की’ म्हणत सासूसासऱ्यांना ‘झुमॅनिटी’ला नेलं. तो सर्क द्यू सोलेचा खास प्रौढांसाठीचा खेळ. तो २०२०मध्ये बंद झाला, पण त्या घरात त्या संध्याकाळचा विषय अजून कुणी काढत नाही. बीटल्समध्ये तसला धोका नव्हता. शिवाय आमच्या वडिलांच्या पिढीत प्रत्येक कॉलेजात केस वाढवलेला एक गिटारवाला असायचाच. त्याच्यामुळे तीन-चार गाण्यांच्या पहिल्या ओळी सगळ्यांना यायच्या, आणि पुढे ‘ला ला ला’.

बंद होण्याची खात्री पटली तशी आमची एक बैठक बसली. निमित्त मिसळीचं, विषय ‘लव्ह’. वर्षानुवर्षं ज्यांनी या खेळाचं नाव काढलं नव्हतं, ते सगळे त्या दिवशी जाणकार होऊन आले.

सगळ्यात वरचा मान २००६वाल्यांचा. खेळ ३० जून २००६ला सुरू झाला. त्या वर्षी ज्यांनी पाहिला ते हे लोक. माझ्या आजोळच्या वाड्यात बालगंधर्वांना प्रत्यक्ष ऐकलेले एक आजोबा होते. रेडिओवर कुणाचंही नाट्यगीत लागलं की ते डोळे मिटून मान हलवायचे, आडवी. आमच्या २००६वाल्यांची मान हुबेहूब तशी हलते. ‘‘तुम्ही पाहिलात तो २०१६नंतरचा ना? म्हणजे दहाव्या वर्षी बदल केले त्याच्यानंतरचा?’’ एवढंच विचारतात आणि पुढे काही न बोलता मिसळीवर लिंबू पिळतात. लिंबाचे थेंब आपल्या जखमेवर पडल्यासारखे वाटतात.

दुसरा पंथ स्पीकरवाल्यांचा. दोन हजारांवर खुर्च्या, सहा हजारांवर स्पीकर, प्रत्येक खुर्चीच्या पाठीत कानाशी वेगळे स्पीकर. आमचा एक इंजिनिअर मित्र फक्त त्यासाठी जायचा. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि त्यांचा मुलगा जाइल्स यांनी मूळ ध्वनिफिती उसवून नव्याने शिवल्या, एका गाण्याचे ड्रम दुसऱ्याच्या शब्दांखाली घातले, हे तो इतक्या वेळा सांगतो की आता त्याची मुलं ते झोपेत म्हणतात. खेळात काय काय झालं म्हणून विचारलं तर उत्तर येतं, ‘‘डाव्या कानात तंबोरा आला.’’

तिसरे पुण्याचे एक काका. बीटल्सचे खरे भक्त. ते खेळ डोळे मिटून ऐकायचे. ‘‘मधेमधे माणसं उड्या मारतात त्याने गाण्यात व्यत्यय येतो,’’ ही त्यांची लेखी तक्रार होती. आणि त्यांच्या बरोबर विरुद्ध टोकाला दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेली आमची एक मैत्रीण. तिला गाणी म्हणजे उड्यांच्या मधला गोंगाट. सुरुवातीला कलाकार दोरावरून वर चढायला लागले की ती शेजारच्याचा दंड धरून सांगायची, ‘‘अढी बघ, पायाची अढी बघ!’’ नोव्हेंबर २०१८मध्ये याच सर्कने ‘बझार’ हा आपला नवा खेळ थेट मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू केला आणि त्यात मल्लखांब घेतला, तेव्हा हिने इथे पेढे वाटले होते. ‘‘उशिरा का होईना, कळलं यांना,’’ असं तिचं मत.

तर या मंडळींनी एकमेकांना आठवणी सांगायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत भांडण पेटलं. मोडकी फोक्सवॅगन बीटल डावीकडून येते की उजवीकडून? ‘हेल्प’ला स्केटिंगवाले समोरून येतात की पाठमोरे? प्रत्येक जण आपल्या डोळ्यांची शपथ घेत होता. शेवटी मधोमध फरसाणाचं ताट ठेवलं, ते रंगमंच. भोवती पाव मांडले, ते प्रेक्षक. तेव्हा उलगडा झाला. थिएटरच गोल. मधे खेळ आणि चारही बाजूंनी माणसं. त्यात अधूनमधून झिरझिरीत पडदे उतरून आपला भाग बाकीच्यांपासून तोडायचे. जो पूर्वेला बसला त्याची गाडी डावीकडून आली, पश्चिमेचा मनुष्यही खरंच बोलत होता. अठरा वर्षांत एक कोटीहून जास्त लोकांनी हा खेळ पाहिला म्हणतात, पण दोघांनी तरी एकच खेळ पाहिला असेल का, याची मला शंका आहे. भांडण अर्थात त्याने मिटलं नाही. आता वाद, पूर्वेकडची बाजू खरी की पश्चिमेकडची, यावर गेला.

जूनमध्ये सांगलीहून मामा-मामी आले. मामा बँकेतून निवृत्त, सोबत दोन किलो भडंग आणि प्रत्येक विषयावर पाव किलो मत. त्यांना न्यायचंच होतं. शेवटच्या प्रयोगाची तिकिटं मिळणं शक्य नव्हतं, आधीच्या आठवड्यातली मिळाली. किंमत रुपयांत सांगायची नाही, असा आमच्या घरात पाहुण्यांसाठी नियम आहे.

मिराजच्या आत जुगाराच्या यंत्रांचा किणकिणाट चाललेला आणि थिएटरबाहेर ही लांब रांग. मामांनी रांगेच्या टोकापर्यंत नजर टाकली आणि विचारलं, ‘‘वाघ कुठं ठेवलेत गं?’’

‘‘यांच्यात प्राणी नसतात मामा. सुरुवातीपासूनच नाहीत.’’

‘‘मग ही सर्कस कसली?’’ मामांचा आवाज चढला. ‘‘अगं, आपण सर्कशीचं माहेर! कुरुंदवाडच्या संस्थानात घोड्यांचं बघणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत त्या इटालियन किआरिनीची सर्कस बघितली आणि १८८०मध्ये स्वतःची काढली. म्हैसाळच्या देवलांची सर्कस जगभर. पुण्याचे दामू धोत्रे वाघसिंहांना घेऊन इथं अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्समध्ये गाजले. आणि हे बिनवाघाचं दाखवून पैसे घेतात?’’

आमच्यासोबत आलेला २००६वाला पुढे सरसावला. आपण पहिल्याच वर्षी पाहिलं असल्याने खुलासा करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असा त्याचा चेहरा झाला. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन आणि सर्कचे संस्थापक गी लालिबर्ते यांची मैत्री, तिच्यातून निघालेली ही कल्पना, २००१मध्ये हॅरिसन गेला तरी पुढे नेलेली, वगैरे तो सांगू लागला. एवढ्यात पुढे उभ्या असलेल्या एका अमेरिकन आजोबांनी मागे वळून विचारलं, हे गृहस्थ वाघांबद्दल काही म्हणताहेत का? आमच्या बोलण्यातला ‘टायगर’ एवढाच शब्द त्यांनी टिपला होता. मी हो म्हटलं. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, वाघ इथेच होते. याच थिएटरात.

आणि ते खरंच होतं. १९९०पासून इथे सीगफ्रीड आणि रॉय हे जादूगार पांढरे वाघ घेऊन खेळ करत. ३ ऑक्टोबर २००३च्या रात्री वाघाने रॉयची मान धरली, तो कसाबसा वाचला आणि खेळ त्या रात्रीपासून बंद. मग सगळं आतून तोडून बीटल्ससाठी हे गोल थिएटर बांधलं. आजोबा त्या काळापासून येणारे. बीटल्सवाल्या पोरांचं ठीक आहे, पण खरा खेळ तो होता, असं म्हणून त्यांनी मान हलवली. आडवी.

आमच्या २००६वाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. अठरा वर्षांचं ज्येष्ठत्व एका मिनिटात गेलं. मामांना मात्र भाषा न येताही सगळं समजलं होतं. त्यांनी आजोबांच्या हातावर भडंग ठेवला.

खेळ सुरू झाला. ‘बिकॉज’चे नुसते आवाज अंधारात चारही बाजूंनी आले आणि क्षणभर आमची मल्लखांबवालीसुद्धा गप्प बसली. ‘ऑक्टोपसेस गार्डन’ला जेलीफिश डोक्यावरून तरंगत गेले, तेव्हा मामी ‘‘अगोबाई’’ म्हणाली. अठरा वर्षांतलं इतकं नेमकं परीक्षण मी दुसरं वाचलेलं नाही. ‘समथिंग’ला चार बाया हवेत आणि एक पुरुष त्यांच्या मागे. ते पाहून मामांनी चष्मा पुसला. त्यानंतर मात्र त्यांना झोप लागली. त्या खुर्च्यांचा दोष. कानाशी गाणं वाजायला लागलं की मान आपोआप मागे जाते.

मग ते गाणं आलं, ज्यात हॅरिसनच्या आवाजाखाली दुसऱ्या गाण्याचे ड्रम आहेत. तेव्हा एक अफाट पांढरं कापड प्रेक्षकांच्या डोक्यांवरून ओढत न्यायचे. मामांना जाग आली ती नेमकी तेव्हा.

‘‘मला वाटलं, गेलो,’’ त्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं. ‘‘डोळे उघडतो तर वर पांढरी चादर आणि कानात तंबोरा. म्हटलं, सांगलीला कळवायला पाहिजे. पण शेजारी तुझी मामी पर्समध्ये बडीशेप शोधत होती, तेव्हा खात्री पटली की अजून इथंच आहे.’’

‘‘कुठल्या कानात?’’ इंजिनिअर मित्राने विचारलं.

परतीच्या वाटेवर मोहावी वाळवंटात, जिथे बघायला काहीच नसतं, मामांनी निकाल जाहीर केला. खेळ चांगला, पण कल्पना नवी नाही. ‘‘सर्कस आणि गाणं एकत्र आपल्या छत्र्यांनीच केलं. रहिमतखाँसारखा गवई सर्कशीबरोबर गावोगाव नेला. दिवसा घोडे, रात्री ख्याल. त्यांना कुठं सहा हजार स्पीकर लागले?’’ मागच्या सीटवरून इंजिनिअरचा निषेध ऐकू आला. यात मामांनी दिवस-रात्रीचं वेळापत्रक पदरचं घातलं असावं, पण विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे शागीर्द होते आणि गुरूंच्या मुलाला, रहिमतखाँना, त्यांनी सर्कशीबरोबर सांभाळलं, हे अगदी खरं आहे. लालिबर्ते यांनी हॅरिसनशी मैत्री करण्याच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. मी गाडी चालवत असल्याने वाद घातला नाही. नसते चालवत तरी घातला नसता.

शेवटचा प्रयोग हुकल्याची बोच मात्र सगळ्यांना होती. ओळखीतल्या एका कुटुंबाला ७ जुलैची तिकिटं मिळाली होती आणि त्यांनी ती मिळाल्याचं सगळ्यांना, मुद्दाम एकेकट्याला, फोन करून सांगितलं होतं. यावर पुण्याच्या काकांनी बर्स्टोच्या पेट्रोल पंपावर कॉफी पिता पिता तोडगा काढला. खेळात ‘मिस्टर काइट’चं जे सर्कशीचं गाणं आहे, ते बीटल्समधल्या लेननने एका जुन्या जाहिरातीवरून लिहिलं. १९६७मध्ये केंटमधल्या सेव्हनोक्सच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याला ती मिळाली होती. पाब्लो फॅन्के यांच्या सर्कशीची, रॉचडेल गावातली, १८४३ची. आणि तिच्यावर ठळक छापलंय की हंगामातली ही सगळ्यात थोर रात्र, आणि यानंतर खात्रीने फक्त तीनच.

‘‘म्हणजे शेवटून चौथी,’’ काका म्हणाले. ‘‘गाणं तिच्यावर झालं. शेवटच्या रात्रीची जाहिरात कुणी भिंतीवर लावली नाही.’’

‘‘आणि तिथंही लोकाग्रहास्तव वाढवले असणार,’’ मामा म्हणाले.

ऑगस्टमध्ये मामीचा फोन आला. मामांनी सांगलीत ज्येष्ठ नागरिक संघात अमेरिका-प्रवासावर व्याख्यान दिलं होतं. विषय ‘बंद पडलेली सर्कस’. हॉल भरला होता. आता तो खेळ जगात कुणालाच बघता येणार नाही, हे कळल्यावर लोकांनी मामांना दुसऱ्यांदा बोलावलं, नंतर विश्रामबागच्या मंडळाने तिसऱ्यांदा. दर वेळी खेळ थोडा वाढत होता.

‘‘अगं, पण मला एक सांग,’’ मामीने आवाज खाली आणला. ‘‘मी शेजारीच बसले होते, माझा डोळा काही लागला नव्हता. आणि हे आता सांगायला लागलेत की त्यात पांढरा वाघ होता. होता का गं?’’

‘‘थिएटरात होता, मामी,’’ मी म्हटलं. ‘‘पश्चिमेच्या बाजूला बसलं की दिसायचा.’’