पात्र

नानाचं खरं नाव न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आता फक्त त्याच्या टपालावर उरलंय. आम्ही सगळे त्याला ‘पात्र’ म्हणतो. ओक ट्री रोडवर दुकानात शिरू दे, नाहीतर कुणाच्या घरी वाढदिवसाला जाऊ दे, वस्तू हातात घेतली की त्याचा प्रश्न ठरलेला: ‘‘हे एलिजिबल आहे का?’’ आमच्यातल्या एका खवचट माणसाने त्याचं मराठी केलं आणि ते असं चपखल बसलं, की वहिनीसुद्धा हल्ली फोनवर सांगतात, ‘‘पात्र बाहेर गेलंय.’’

पात्र म्हणजे ‘एचएसए’ला पात्र. २००३ साली बुश यांनी सही केलेल्या कायद्यातून हे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट निघालं. विमा मोठ्या डिडक्टिबलचा, म्हणजे स्वतःच्या खिशातून काही हजार डॉलर जाईपर्यंत विमा कंपनी डोळा उघडणार नाही असा असला, की हे खातं काढता येतं. पैसे भरताना कर नाही, वाढताना कर नाही, औषधपाण्यासाठी काढताना कर नाही. हे तीन ‘नाही’ नाना असे म्हणतो, की ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जावेत. ज्या मोजक्या राज्यांना ही सूट मान्य नाही, त्यांत नेमकं आमचं न्यू जर्सी. नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियाला मान्य आहे. डेलावेअर नदीच्या पुलावर गाडी आली की नाना असा उसासा सोडतो, जशी सासुरवाशीण माहेरच्या फाट्यावरून एसटी न थांबता जाताना सोडेल.

पंचावन्नावा वाढदिवस लोक लपवतात. नाना त्याची दहा वर्षं वाट पाहत होता, कारण पंचावन्नापासून खात्यात वर्षाला एक हजार डॉलर जास्त टाकता येतात. २०२५ची कुटुंबाची मर्यादा ८,५५० डॉलर, नानाची ९,५५०. त्या दिवशी केक कापताना त्याने हाच आकडा जाहीर केला. टाळ्या त्यालाच वाजल्या असं तो आजही समजतो.

डॅनिश बिस्किटांच्या निळ्या डब्यात आपल्याकडे सुई-दोरा निघतो. नानाच्या डब्यात बिलं निघतात. खातं उघडल्यानंतर झालेल्या खर्चाचे पैसे वीस वर्षांनीही काढता येतात, असा नियम आहे. म्हणून नाना आज सगळं खिशातून भरतो, खातं वाढू देतो आणि बिलं जपतो. दुकानाच्या पावतीची शाई उडते म्हणून प्रत्येकीची झेरॉक्स. २०११ सालच्या दाताचं बिल त्याने असं जपलंय, जसा कुणी वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा जपेल. दात मात्र गेला.

आयकर खात्याचं ‘पब्लिकेशन ५०२’ त्याला हरिपाठासारखं पाठ आहे. ‘‘ॲक्युपंक्चर चालतं. अंधांना वाट दाखवणारा कुत्रा चालतो, त्याचं खाणंसुद्धा चालतं. विग चालतो, पण केस आजाराने गेलेले हवेत.’’ इथे त्याचा हात टकलावरून फिरतो. त्याचे नुसते वयाने गेले. ‘‘पोहण्याचा क्लास नाही, नाचाचा नाही, जिमची फी नाही.’’

गेल्या वसंतात त्याची मुलगी हाफ मॅरेथॉन पळाली आणि तिने बाबांना ‘व्हीओटू मॅक्स’ नावाचं खूळ दिलं. तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर दम संपेपर्यंत पळायचं. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते मोजतात. आर्किबाल्ड हिल नावाच्या नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मँचेस्टरला स्वतःच पळून हे मोजलं होतं. आता नानाचा नंबर. फी दीडशे डॉलर. ‘‘पण पात्र आहे का?’’

प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. कायद्याला आजाराचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध हवा. वार्षिक तपासणी पात्र आहे. काही होत नसताना केलेला सगळ्या अंगाचा स्कॅनही पात्र आहे. २००७चा तसा निर्णय नाना तोंडपाठ म्हणतो. पण ‘फिटनेस’ हा शब्द आला की गाडं अडतं. त्यात मार्च २०२४मध्ये आयकर खात्याने बजावलं, की सर्वसाधारण तब्येतीसाठी केलेला खर्च डॉक्टरच्या नुसत्या पत्राने वैद्यकीय होत नाही. आजार खरा हवा, डॉक्टरने निदान केलेला हवा. नाहीतर त्या रकमेवर कर आणि वर २० टक्के दंड.

आता आली पंचाईत. नानाकडे आजारच नव्हता.

तरी तो पत्रासाठी डॉक्टरकडे गेला. मला गाडी चालवायला नेलं, म्हणून हे डोळ्यांदेखत पाहिलं. डॉक्टर आपल्याच, नागपूरच्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. रक्तदाब ११८/७६. साखर ठीक.

‘‘काका, तब्येत उत्तम आहे.’’

नानाचा चेहरा पडला. ‘‘जरा नीट बघा ना. जिने चढताना दम लागतो.’’

‘‘किती जिने?’’

‘‘चौथ्या मजल्यावर.’’

‘‘मलाही लागतो. घरात कुणाला हृदयविकार? वडील?’’

‘‘वडील शहाऐंशी,’’ नाना खाली मान घालून म्हणाला. ‘‘रोज पर्वती चढतात.’’ एवढ्या शोकाकुल आवाजात मी हयात वडिलांबद्दल कुणाला बोलताना ऐकलेलं नाही.

‘‘एक ओळ लिहून द्या,’’ तो शेवटी म्हणाला.

‘‘काका, तुम्हाला आजार नाही, तर तो मी कुठून आणू?’’

परतताना मी सिग्नलवर हिशेब केला. नानाचा कर २४ टक्के धरला, तरी दीडशे डॉलरच्या चाचणीवर वाचणार होते छत्तीस डॉलर. वर्षाची मोफत तपासणी जानेवारीतच झाली असल्याने या भेटीचं बिल नंतर आलं १८० डॉलर. मला वाटलं, आता हा शुद्धीवर येईल. त्याचा फोन आला.

‘‘अरे, हे बिल पात्र आहे!’’

झेरॉक्स निघाली, डब्यात गेली. मागे पेन्सिलीने लिहिलंय: जाऊन-येऊन १४ मैल, मैलाला २१ सेंट, २ डॉलर ९४ सेंट. डॉक्टरकडे जाण्याचा खर्चही पात्र असतो. गाडी माझी होती.

जूनमध्ये फादर्स डेला मुलीने वैतागून ती चाचणी भेट दिली. नाना मास्क लावून पळाला, शेवटी पट्टा भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा वाटला म्हणाला, पण पळाला. ‘‘तुमच्या वयाला हे फारच छान,’’ तिथला मुलगा म्हणाला. नानाने विचारलं, बिलावर ‘फिटनेस’ऐवजी ‘हृदय’ घालता येईल का. त्याने नाही म्हटलं. त्या आठवड्यात कुणी चाचणीचं विचारलं, की नाना नुसता ‘‘बरी झाली’’ म्हणायचा.

परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन वाजला. एवढ्या उशिरा तो कधी करत नाही. माझ्या छातीत धस्स झालं.

‘‘एलडीएल कोलेस्टेरॉल १६४ आलंय!’’ मुलगी झाल्याचं कळवतानाही आवाज इतका फुलला नव्हता. ‘‘डॉक्टर म्हणाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. मग पत्राचं बोलता येईल.’’

मागून वहिनींचा आवाज आला, ‘‘त्यांना सांगा, रविवारची बासुंदी रद्द!’’

‘‘रद्द कशाला?’’ नाना त्यांच्यावर खेकसला. ‘‘पत्र हातात येईपर्यंत आकडा खाली येता कामा नये.’’